आजा पुसायला गेले

मी एकदा एका दुपारी नागपुरातली कितीतरी लग्नं मोडली. ज्यांची मोडली त्यांना पत्ताही नव्हता. ते आपापल्या घरी वरणभात जेवून आडवे झाले होते. खरं तर मला एकच लग्न मोडायचं होतं, माझं स्वतःचं, आणि तेही अजून ठरलेलं नव्हतं. ते तेवढं सोडून बाकीची मोडली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी बी.कॉम. होऊन इतवारीतल्या एका वधूवर मंडळात कामाला लागले होते. मंडळ म्हणजे भांड्यांच्या दुकानाच्या माडीवरची एक खोली. खाली गिऱ्हाइकं दिवसभर घागरी वाजवून बघायची, वर आईबाप स्थळं वाजवून बघायचे. दोन्हीकडून सारखाच आवाज यायचा. तेव्हाचा माझा एक फोटो आहे: दोन वेण्या, जाड चष्मा, आणि आपल्याला सगळं कळतं असा चेहरा. बघितला की फोटोला एक चापट द्यावीशी वाटते.

मंडळाच्या मालकीणबाईंना सगळी इतवारी काकू म्हणायची, म्हणून मीही म्हणे. काकूंनी आधी बरीच वर्षं कापडी पिशवीत चिठ्ठ्या घालून, सायकलरिक्षातून फिरत लग्नं जमवली होती. मग कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की आता कंप्युटरशिवाय मंडळाला किंमत नाही. काकूंनी कुणाचा तरी वापरलेला एक कंप्युटर आणला. हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी कळफलकावर शिंपडायला निघाल्या तेव्हा तो बसवायला आलेल्या इंजिनियरनं दोन्ही हात आडवे धरले. त्या दिवसापासून सगळ्यांच्या चपला दाराबाहेर. खोलीत मारुतीचा फोटोही होता, पण त्याच्यासमोर चपला चालायच्या.

त्या यंत्राच्या पोटात काही साठवायची सोय नव्हती. सगळी नावं असायची फ्लॉपीवर. फ्लॉपी म्हणजे पापडासारखी लवलवणारी काळी चौकोनी चकती, तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली. यंत्राला बाजूबाजूला दोन फटी होत्या. एकीत चालवायची फ्लॉपी घालायची, दुसरीत नावांची. इंजिनियरनं सांगितलं, नावांची एकच फ्लॉपी ठेवू नका, नासली तर रडत बसाल. तीन ठेवा, तीन पिढ्यांसारख्या: मुलगा, वडील, आजोबा. रोजच्या कामाचा तो मुलगा. महिना झाला की सगळ्यांत जुनी, म्हणजे आजोबा, पुसायची आणि तिच्यावर नवी नक्कल उतरवायची. ती झाली मुलगा, कालचा मुलगा झाला वडील, वडील झाले आजोबा.

काकूंनी मान डोलावली आणि मला चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या. "लिही वं. आजा. बाप. पोरगा."

मी लिहिल्या. पण पहिला महिना भरला आणि आजा पुसायची वेळ आली तेव्हा काकू अडून बसल्या.

"आज्याले पुसायचं? जित्या आज्याले?"

"काकू, ती फ्लॉपी आहे."

"फ्लॉपी असो का काही असो. नाव आज्याचं हाय ना? घरात आजा बसून राहिला तं काय खाऊन राहिला तो तुह्या घरचं?"

त्यांनी एक जास्तीची कोरी फ्लॉपी विकत आणून ठेवली आणि बाप-पोरगा एवढेच आलटून पालटून चालवले. आजा पहिल्या महिन्यात जसा होता तसाच राहिला. सांडग्यांच्या जुन्या डब्यात मऊ फडक्यावर, डोक्याला कसली झळ न लागता.

आता माझी गोष्ट. इंजिनियर यंत्र शिकवायला बसला तेव्हा त्यानं विचारलं, "सुरुवातीला कुणाचं नाव टाकू?" काकू म्हणाल्या, "हिचंच टाका. हिच्या बापानं मले सांगूनच ठेवलं हाय." माझे वडील रेल्वेत होते. त्यांनी मला कामाला लावलं तेही, मुलगी बसल्या बसल्या स्थळांच्या जवळ राहील, या विचारानं. तर मंडळाच्या यादीत पहिलं नाव माझं. उंची, शिक्षण, रंग निमगोरा. रंग काकूंनी सांगितला. मी तो न बोलता टाइप केला, कारण तो माझ्याही अपेक्षेपेक्षा जास्त निघाला होता.

वर्षभर मी त्या यंत्रावर काम केलं आणि मला त्याचं वेड लागलं. धरमपेठेत कंप्युटरचा वर्षभराचा डिप्लोमा निघाला होता, संध्याकाळचा. मला तो करायचा होता. एवढंच. क्रांती वगैरे काही नाही, एक वर्ष हवं होतं. घरी विषय काढला तर वडील म्हणाले, "यंदाच्या मेळाव्यात जमवून टाकू. मंग नवऱ्याले विचारून कर काय करायचं ते." त्यांना माझं कौतुक नव्हतं असं नाही. आल्यागेल्याला ते सांगायचे, "पोरगी कंप्युटर चालवते. नाव काढीन नाव."

दिवाळीनंतर मंडळाचा मेळावा होता आणि त्यासाठी सगळ्या नावांची पुस्तिका निघणार होती. ती पुस्तिका वडील मांडीवर घेऊन बसले की माझं वर्ष गेलं. पण पुस्तिकेत मीच नसले तर? मेळावा टळला की लग्नसराई टळते, लग्नसराई टळली की वर्ष हातात येतं. वडील म्हणत होते पोरगी नाव काढील. ठीक आहे, म्हटलं, काढते.

साध्या मुलीनं काय केलं असतं? पोरग्यातून आपलं नाव गाळलं असतं आणि गप्प बसली असती. पण मी हुशार. मला आठवलं की एकदा माझ्या हातून कुणाचं तरी नाव गळलं होतं तेव्हा काकूंनी बापावरून ते परत आणवलं होतं. म्हणजे जुन्या नकला आहेत तोवर माणूस केव्हाही परत उगवणार. आता माझ्या सुनेच्या कंप्युटरमध्येही हेच असतं. अमुक तारखेला जसं होतं तसं परत करून देऊ का, म्हणून तो स्वतःच विचारतो, आणि त्या जुन्या तारखा साठवून साठवून एक दिवस जागा संपली म्हणून रडतो. मग सून मला बोलावते. मी तारखा एकेक मोठ्यानं वाचते, परत वाचते, आणि मगच पुसते. सुनेला वाटतं सासूबाईंना कमी दिसतं. तिला काय माहीत.

तर जुन्या नकलांचा मुळासकट निकाल लावायचा असं मी ठरवलं. तिन्ही फ्लॉप्यांतून आपलं नाव वेगवेगळं काढणं हे तसं चहा निवायच्या आत होणारं काम होतं. पण तेवढ्यानं माझं समाधान होईना. काकूंनी आणलेल्या त्या कोऱ्या फ्लॉपीवर मी माझं नाव नसलेली ताजी यादी उतरवली. आता जुन्या तिन्ही साफ पुसायच्या, आणि या नवीवरून त्यांच्यावर परत नकला करायच्या. मग कुठल्याही पिढीत मी सापडणार नाही. नव्या फ्लॉपीवर खुणेसाठी चिठ्ठी चिकटवली आणि लिहिलं: आज।

ती शेवटची उभी रेघ नीट बघा. सगळा गोंधळ तिथे आहे. वडिलांची नोकरी आधी इटारसीला होती, म्हणून चौथीपर्यंत मी हिंदी शाळेत होते. हिंदीत वाक्य संपलं की उभी रेघ देतात. पुढे नागपुरात मराठी शाळेत बाईंनी छड्या मारून माझ्या हाताला टिंब शिकवलं, पण घाई असली की हात इटारसीला पळायचा. त्या दिवशी घाई होतीच, कारण चिठ्ठी लिहिता लिहिता काकू जिना चढताना ऐकू आल्या. मी सगळं सांडग्यांच्या डब्यात कोंबलं आणि तोंडाला येईल ते विचारलं.

"काकू, सांडग्यांचा डबा रिकामा झाला ना, मग नवे केव्हा घालायचे?"

"दिवाळीत कोनी सांडगे घालते का? तुले बरं नाही काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू खालच्या दुकानात चहाला गेल्या आणि मी डबा उघडला. बाप घातला, पुसला. पोरगा घातला, पुसला. यंत्र प्रत्येक वेळी विचारायचं, सगळं जाईल, नक्की का? हो की नाही? मला ते फार भावलं. हो की नाही असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं; वडिलांनी तर लग्नाबद्दलही नाही. मी ऐटीत हो म्हणायची. मग डब्यात हात घातला, वर 'आजा' दिसला, घातला, पुसला. राहिली ती एक नवी, असा माझा हिशोब. तिची चिठ्ठी वाचायचं काही कारणच नव्हतं. चारातल्या तीन जुन्या पुसल्यावर चौथी नवीच असणार. गणितात मला पैकीच्या पैकी असायचे.

त्या चौथीवरून मी बाकी तिन्हींवर नकला केल्या. म्हणजे घरात आता चार आजे झाले आणि त्यांच्या मागे ना बाप ना पोरगा.

लगेच पुस्तिकेसाठी यादी छापायला लावली. तेव्हाचा प्रिंटर करवतीसारखा ओरडायचा आणि कागद अखंड निघायचा, घडी पडत पडत. पहिलं पान साहजिकच घडीच्या तळाशी जायचं. मी वरची पानं चाळली, नावं ओळखीची वाटली. वाटणारच. मीच तर ती टाइप केली होती. काकूंनी गठ्ठ्याला सुतळी बांधली आणि छापखान्यात पाठवला. मी घरी जाऊन आईला म्हटलं, आज पाटवडी कर. आईनं केली. मी दोनदा वाढून घेतली.

पुस्तिका छापून आल्या, टपालानं गावोगाव गेल्या. आम्ही उरलेल्यांचे गठ्ठे रचत होतो तेव्हा काकूंच्या भाचीचा नवरा जिना चढून आला. भाचीचं लग्न उन्हाळ्यात रामटेकला झालं होतं, मंडळातूनच जुळलेलं. मी त्या पंगतीला होते. जावई शांत स्वभावाचे. चपला काढल्या, पाणी प्यायले, आणि पुस्तिका उघडून काकूंसमोर ठेवली.

"मामी, एक विचारू का? भाचीसाठी स्थळ पाहून राहिल्या काय?"

"काहून?"

"इथं लिहून हाय. अविवाहित, गृहकृत्यदक्ष. मी रोज संध्याकाळी घरी असतो, मले कोनी बोललं नाही."

काकूंनी पुस्तिका लांब धरून वाचली. "हे काय वं? ही तं बाळंतपणाले येऊन राहिली माहेरी."

"माहंही नाव हाय पुढच्या पानावर," जावई म्हणाले. "ते राहू द्या. पण उंची कमी लिहिली, तेवढी दुरुस्त करून घ्या. चांगलं स्थळ आलं तं हातचं जाईन."

काकूंनी पानं उलटायला सुरुवात केली. या वर्षात त्यांनी जुळवलेली सगळी जोडपी त्या पुस्तिकेत परत सुटी होऊन बसली होती. ज्यांनी नव्यानं नावं नोंदवली होती त्यांचा मागमूस नव्हता. शेवटी त्या पहिल्या पानावर आल्या. तिथे, अनुक्रमांक एक, रंग निमगोरा, मी होते.

मी हादरले ती लग्नांमुळे नाही, हे कबूल करायला हवं. ती बिचारी जोडपी मला दिसलीच नाहीत. मला दिसला फक्त तो अनुक्रमांक. यादीतून नाव काढायला गेलेली मुलगी गावोगावच्या घरांत सगळ्यांच्या वर छापून पोचली होती, आणि वडिलांकडे त्यांची प्रत आदल्याच दिवशी आली होती.

जावई गेले. काकूंनी सांडग्यांचा डबा पुढ्यात घेतला आणि फ्लॉप्या एकेक करून सतरंजीवर मांडल्या.

"आजा. बाप. पोरगा. आजा." त्या थांबल्या. "हे दोन आजे कुठून आले? एक बापाकडचा अन् एक मायकडचा काय?"

"दुसरा आजा नाही काकू. ते आज आहे. पुढे पूर्णविराम."

"पूर्णविराम असा उभा असते?"

"इटारसीत असतो."

काकूंनी चष्मा कपाळावर चढवला. लग्न जुळवणाऱ्या बाईपुढे खोटं टिकत नाही. तिनं लग्नात बोललं जाणारं सगळं खोटं ऐकलेलं असतं. मी डिप्लोम्यापासून पूर्णविरामापर्यंत सगळं सांगून टाकलं. रडलेही. चष्मा ओला झाला तसा पदरानं पुसायला गेले, तर मी पंजाबी ड्रेस घातलेला. काकूंनी त्यांचा पदर दिला.

"वर्षच पाहिजे होतं ना?" त्यांनी विचारलं.

"वर्षच."

"अन् मंग?"

"मग काय म्हणाल ते."

खालच्या दुकानातून त्यांनी वडिलांच्या ऑफिसात फोन लावला.

संध्याकाळी वडील आले ते हातात पुस्तिका घेऊन आणि खूश होऊन. "वहिनी, पहिला नंबर दिला तुम्ही पोरीले. दोन घरून विचारनाबी झाली."

"भाऊ, बसा," काकू म्हणाल्या. "कंप्युटर बिघडला. सारी नावं गेली. पोरीचा दोष नाही, यंत्रच तसं हाय. पन नावं परत हिलेच लिहावं लागन, दुसऱ्या कोनाले जमत नाही."

"मंग लिहीन ना. मेळावा झाला का लिहीन."

"मेळाव्यात हिचं जमलं तं ही सासरी जाईन. मंग मी काय खालच्या घागरी विकू? वर्ष लागन भाऊ. अन् ते यंत्र अर्धं शिकून चालवलं म्हून बिघडलं. पुरं शिकाले पाठवा हिले. धरमपेठेत शिकवतात म्हणे."

काम दोन महिन्यांचं होतं. सगळ्यांचे मूळ अर्ज लोखंडी पेटीत नीट लावलेले होते. पेटीकडे पाठ करून काकू बसल्या होत्या.

"पन विचारना आली त्याचं काय करू?" वडिलांनी पुस्तिका दाखवली. "पहिलंच नाव हाय."

"सांगा का ते नमुन्याचं हाय. पहिलं नाव नमुन्याचंच असते."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी नमुन्यासारखी उभी राहिले. त्यांना पटलं की नाही देव जाणे, पण रेल्वेतल्या माणसाला यंत्र बिघडलं म्हटलं की वाट बघायची सवय असते. "एकच वर्ष पन," असं म्हणून त्यांनी पुस्तिकेची घडी करून खिशात घातली.

मेळाव्यात काकूंनी शुद्धिपत्र वाटलं. ते पुस्तिकेपेक्षा जाड होतं. माझी चौकशी करायला जो येईल त्याला काकू गंभीर चेहऱ्यानं सांगायच्या, तो नमुना आहे, आणि लांबून माझ्याकडे बघून लोकांना ते लगेच पटायचं. मी डिप्लोमा केला. लग्नही केलं, वर्ष संपल्यावर, काकूंनीच जुळवलेलं. त्या वर्षीची यादी मी स्वतः छापली होती आणि पहिलं पान दोनदा वाचलं होतं.

पण मला आठवते ती मेळाव्याआधीची तीच संध्याकाळ. वडील जिना उतरून गेले, खाली घागरी वाजवणं थांबलं होतं, दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. काकूंनी चारही फ्लॉप्या गोळा केल्या, माझी 'आज' बोटांत धरून ती उभी रेघ पुन्हा एकदा निरखली, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या,

"तुहा बाप म्हणे का पोरगी नाव काढीन. काढली वं तू, साऱ्या नागपूरची काढली. एक तुहंच तेवढं राहून गेलं."